इगतपुरीच्या पावसात चार गाईंचा गोठा: एचएफ, जर्सी, गीर की डांगी?

प्रश्न
इगतपुरी तालुक्यात आमची तीन एकर भातशेती असून त्यापैकी एका एकराला बारमाही पाणी आहे. शेतीला जोड म्हणून चार गाईंचा गोठा करण्याचे ठरवले आहे. आमच्या दूध संकलन केंद्रावर ३.५ टक्के फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) धरून दर मिळतो व त्याखाली दूध उतरल्यास कपात होते. नातेवाईक एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाई सुचवतात, तर घरचे वडीलधारे इथल्या पावसात इथलीच डांगी गाय तगते असे सांगतात. गीरच्या दुधाला जादा भाव मिळतो, असेही कानावर येते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (पशुवैद्यक)
आपल्या परिस्थितीत जर्सी संकरित गाय मला अधिक योग्य वाटते. एचएफ ही नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या थंड, गवताळ प्रदेशातील थोराड गाय आहे. ती दूध भरपूर देते, पण फॅट ३.५ च्या आसपासच राहत असल्यामुळे चाऱ्यात थोडी हयगय झाली तरी आपल्याला कपात सोसावी लागेल. जर्सी लहान चणीची असल्याने तिच्या शरीरपोषणाला चारा कमी लागतो, संकरातही फॅट चारच्या वर टिकते आणि तिचे काळे, टणक खूर ओल्या गोठ्यात कमी बिघडतात. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईला रोज वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो सुका चारा आणि पाच किलोच्या आसपास पशुखाद्य लागते, म्हणजे दीड किलो शरीरासाठी आणि पुढे दर तीन लिटर दुधामागे एक किलो. पावसाळ्यासाठी मूरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) आधीच करून ठेवावा. विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या पुढे गेलेली गाय मात्र घेऊ नये. तिला उष्मा आणि गोचीडताप दोन्ही जड जातात.

उत्तर २ (पशुपालक, अकोले)
वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे मुसळधार पावसात दिवसभर चरून आलेल्या गाईच्या पाठीवर पाणी ठरत नाही आणि हात फिरवला तर तो तेलकट होतो. महादेव कोळी, ठाकर आणि कानडी पशुपालकांनी डोंगरउतारावर जपलेली ही जात भातखाचरातल्या चिखलणीसाठी (लावणीआधी चिखल करण्यासाठी) आहे; दूध दिवसाला दोन-तीन लिटर, तेव्हा केंद्रावर घालून खर्च निघणार नाही. तरीही घरची एखादी डांगी अवश्य ठेवा आणि तिला डांगी वळूच दाखवा. चार लिटर जास्त दुधासाठी तिच्यावर जर्सीचे रेतन करून हे रक्त घालवू नका, ही कळकळीची विनंती आहे. आमच्या अकोले तालुक्यातल्या राजूरच्या प्रदर्शनात एकदा हे वळू पाहून या.

उत्तर ३
गीर सौराष्ट्रातल्या कोरड्या हवेची गाय आहे आणि तिच्या दुधाचा जादा भाव घरोघरी रतीब घालणाऱ्याला मिळतो, संकलन केंद्रावर नाही. तिचे गुण संकरातही उपयोगी पडतात: ब्राझीलने गीर आणि होल्स्टिनपासून गिरोलांडो ही जात घडवली, तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि एचएफ यांपासून फुले त्रिवेणी ही संकरित गाय तयार केली. अशी गाय खात्रीने मिळाली तर तिचाही विचार करावा.

प्रश्नकर्ता
रतीब आम्हाला जमणार नाही. सुरुवातीला दोन जर्सी संकरित गाई घ्याव्यात असे वाटते. त्या घोटीच्या बाजारातून घ्याव्यात का?

उत्तर १ (पशुवैद्यक)
बाजारात अनेकदा धार न काढता कास तुंबवून गाय आणतात, म्हणून शक्यतो मालकाच्या गोठ्यावर जाऊन संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची धार समोर काढायला लावावी. दुसऱ्या वेताची, नुकती व्यालेली गाय पाहावी. चारही आचळांची पहिली धार काळ्या कापडावर घेतली की कासदाहाच्या (कासेच्या सुजेच्या) गुठळ्या लगेच दिसतात. त्या दिसल्या तर दर कितीही कमी असला तरी ती गाय घेऊ नये. कानांच्या आत आणि शेपटीखाली गोचीड तपासावेत, थायलेरियासाठी (गोचिडांमधून पसरणाऱ्या रक्तातल्या आजारासाठी) रक्ततपासणी करून घ्यावी आणि घरी आणल्यावर तीन आठवडे तिला घरच्या इतर गुरांपासून वेगळे बांधावे.