सिलिका जेलच्या आधी मॅट उचलून पाहावी
पावसाळ्यात काचा आतून धुरकट होऊ नयेत म्हणून गाडीत सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या ठेवण्याचा सल्ला दिला जातो; तो चुकीचा नाही, परंतु पाच ग्रॅमची पुडी फार तर दोन ग्रॅम पाणी शोषते आणि भिजलेल्या कार्पेटखालच्या फोममध्ये सहज अर्धा लिटर पाणी मुरलेले असते, हे प्रमाण लक्षात घ्यावे. आमच्या गाडीच्या काचा दोन पावसाळे आतून धुरकट होत होत्या. शेवटी चालकाशेजारच्या बाजूची मॅट उचलून कार्पेट दाबले, तेव्हा बोटांमधून पाणी वर आले. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी चिखलाने बुजली होती. ती साफ करून, कार्पेटखाली वर्तमानपत्रे घालून ती दर काही तासांनी बदलली, तेव्हा चार दिवसांनी कुबट वास गेला. (रविवारच्या पुरवण्यांचा इतका चांगला उपयोग आम्ही पूर्वी केला नव्हता.) समोरच्या काचेखालच्या जाळीत अडकलेला पालाही अवश्य काढावा.

गाडी चालवताना काच आतून धूसर झाल्यास आतलीच हवा फिरवण्याचे बटण बंद करून एसीचा झोत काचेकडे वळवावा, कारण एसीच्या थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते बाहेर पडते. आंबोलीसारख्या घाटात मात्र थंड झालेल्या काचेवर बाहेरूनच दव धरते. तेव्हा वायपर फिरवून झोत काचेवरून हटवावा.