मदत हवी आहे: रोजच्या खर्चासाठी कॅशबॅक कार्ड कोणतं? (रविवारच्या आत सांगा)

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. रोजच्या खर्चावर सगळ्यात जास्त कॅशबॅक देणारं क्रेडिट कार्ड कोणतं? गूगल करून डोकं फिरलं, प्रत्येक यादीत पहिला नंबर वेगळाच. मॉलच्या दारात स्टॉल लागलाय, तिथला मुलगा म्हणतो लाइफटाइम फ्री, ५ टक्के, पण ऑफर रविवारपर्यंतच. घेऊ का? नुसतं नाव सांगा, लेक्चर नको.

कडकभाकरी
रोजचा खर्च म्हणजे काय काय? किराणा कुठून भरता, ऑनलाइन किती, गाड्या किती, घरभाडं आहे का, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) किती? माप न देताच शर्ट शिवून मागताय.

पार्क_चौक
डोळे झाकून अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय. वार्षिक फी नाही. प्राइम (अ‍ॅमेझॉनची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप) असेल तर अ‍ॅमेझॉनवर ५ टक्के, नसेल तर ३, बाहेर बहुतेक ठिकाणी १. पैसे आपोआप अ‍ॅमेझॉन पे बॅलन्समध्ये येतात, पॉइंट मोजत बसायची भानगड नाही. विषय संपला.

हिशेबनीस
संपला कसा? ज्वारी आणि शेंगदाणे काय अ‍ॅमेझॉनवरून येतात का सोलापुरात? आधी त्यांना आकडे तर सांगू द्या.

उडता_पक्षी
कार्ड घेताना विमानतळावरच्या लाउंजचा अ‍ॅक्सेस नक्की बघा. हल्ली बरीच कार्डं आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच लाउंज देतात.

कडकभाकरी
@उडता_पक्षी, लाउंज कुणी मागितलंय? पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडणाऱ्याला फलाटावरचा चहा पुरतो.

होटगीरोडकर
बरं, घ्या आकडे. महिन्याला किराणा-दूध-भाजी ११ हजार, सगळं स्कॅन करून. ऑनलाइन ४ हजार, वेगवेगळ्या साइटवर. आईबाबांची औषधं अडीच हजार. पेट्रोल २ हजार, दोन दुचाकी. लाइट बिल १८०० च्या आसपास. घर स्वतःचं. आता सांगा नाव.

हिशेबनीस
आता बोलता येईल. कॅशबॅक एसबीआय कार्डाची इथे हमखास शिफारस होते, म्हणून हिशेबाला तेच उदाहरण घेऊ. ऑनलाइन ५ टक्के, दुकानात १ टक्का. तुमच्या ४ हजारांवर २०० रुपये, औषधांच्या दुकानात स्वाइप केलं तर २५. महिन्याला २२५, वर्षाला २७००. फी ९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९. वर्षात २ लाख खर्च झाला तर फी माफ. पण तुमचे कार्डावर जाणारे महिन्याला साडेसहा हजार, वर्षाचे ७८ हजार. म्हणजे फी लागणारच, आणि हातात उरतात साधारण १५२०.

त्यात इंधन, वीज-पाणी, विमा, भाडं, वॉलेट भरणं यांवर कॅशबॅक नाही. दुकानाच्या मशीनला बँकेने जो व्यवसायाचा कोड दिलेला असतो त्यावरून हे ठरतं, तुम्ही काय विकत घेतलं यावरून नाही.

तुमचा मोठा आकडा किराण्याचा, ११ हजार. तो क्यूआरवर जातो आणि व्हिसा-मास्टरकार्डचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येत नाही. म्हणजे ‘५ टक्के’वालं कार्ड तुमच्या सगळ्यात मोठ्या खर्चाला हातच लावत नाही.

नवीपेठ_वाला
म्हणूनच रुपे (व्हिसा-मास्टरकार्डसारखंच, पण भारतीय नेटवर्क) क्रेडिट कार्ड. २०२२ च्या सप्टेंबरपासून यूपीआयला जोडता येतं. दुकानाचा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे कार्डातून जातात. घेताना तीन गोष्टी तपासा. एक, यूपीआयवरचा दर. स्वाइपचा वेगळा आणि स्कॅनचा वेगळा असतो, काही कार्डांना तर त्यांच्याच अ‍ॅपमधून स्कॅन केलं तरच पूर्ण दर. दोन, महिन्याची कमाल मर्यादा. तीन, किराणा त्या दरात धरलाय की वगळलाय.

आणि सगळीकडे चालेल असं समजू नका. भाजीवाल्याचा क्यूआर बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या खात्याचा असतो, व्यापारी म्हणून नोंदवलेला नसतो. तिथे अ‍ॅपमध्ये कार्डाचा पर्याय फिका दिसतो. व्यक्तीला क्रेडिट कार्डातून यूपीआय जातच नाही.

पार्क_चौक
दुकानदार कुरकुर करतात त्याचं काय? दोन टक्के जादा मागतात.

नवीपेठ_वाला
छोट्या दुकानदाराला २ हजारांपर्यंतच्या रुपे क्रेडिट-यूपीआयवर शुल्क नाही. त्यापुढे त्याच्या खिशातून जातं, म्हणून मोठ्या बिलाला नाही म्हणतात. दोन टक्के जादा देऊन एक टक्का परत घ्यायचा असेल तर रोख दिलेली बरी.

कडकभाकरी
पेट्रोलचं कुणी बोललंच नाही. क्रेडिट कार्डाला १ टक्का सरचार्ज आणि त्यावर जीएसटी. ५०० च्या पेट्रोलला ५ रुपये ९० पैसे. सरचार्ज माफ असेल तर ५ रुपये परत येतात, वरचे ९० पैसे गेले ते गेले. आणि माफीला किमान रक्कम असते, साधारण ४०० किंवा ५००. दुचाकीत २०० चं पेट्रोल टाकणाऱ्याला माफीही नाही. पेट्रोल बँक खात्याच्या यूपीआयनेच भरा.

लाइट बिल महावितरणच्या साइटवर कार्डाने भरायचं तर वर सुविधा शुल्क लागतं. शेवटचं बटण दाबायच्या आधी एकूण रक्कम बघा. कागदी बिल बंद करून ई-मेलवर घेतलं तर बिलात सूट आहे, ती कुठल्याही कार्डाशिवाय.

होटगीरोडकर
छान माहिती. म्हणजे रुपे घेऊ आणि अ‍ॅमेझॉनवालंही घेऊ, दोन्ही? स्टॉलवाला तर दोन मिनिटांत करून देतो म्हणतो. आणि हातातलं जुनं कार्ड बंद करू का? त्यावर ३८ हजार आहेत, पण मिनिमम दर महिन्याला वेळेवर भरतो, कधीच लेट नाही.

हिशेबनीस
का बे, हे आता सांगलालास? पहिल्याच ओळीत यायला पाहिजे होतं.

३८ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के धरा, १३३० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, २३९. महिन्याला १५६९ जातात, आणि आपण इथे २२५ रुपयांवर भांडतोय. मिनिमम ही रक्कम साधारण ५ टक्के असते. ती भरल्याने लेट फी टळते, व्याज नाही.

शिवाय बाकी राहिलेली असताना त्या कार्डावर नवीन खरेदी केली की बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज. ४ हजारांवर २०० कॅशबॅक मिळाला तरी महिन्याचं व्याज आणि जीएसटी धरून १६५ जातात.

पार्क_चौक
ते जुन्या कार्डापुरतं. नव्या कार्डाचं पूर्ण बिल भरलं तर तिथे मुदत मिळणारच. नवीन घ्यायला काय हरकत?

हिशेबनीस
नियमाने बरोबर. पण ज्याला जुन्याचं पूर्ण बिल भरता येत नाही तो नव्याचं कुठून भरणार? लिमिट दुप्पट होईल, एवढंच.

शेंगाचटणी
सोनं तारण ठेवा, बँकेत. व्याज कार्डाच्या पाव हिश्श्याच्या आसपास पडतं. ३८ हजारांसाठी एखादी अंगठी पुरते.

कडकभाकरी
लगेच सोनं कशाला? आधी कार्डाच्या बँकेला फोन करून बाकी ईएमआयमध्ये करून मागा. व्याज वर्षाला १५ ते १८ टक्क्यांच्या घरात येतं, कार्डाच्या ४२ पेक्षा (महिन्याचे साडेतीन गुणिले बारा) केव्हाही बरं. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी विचारून घ्या. ईएमआय चालू असेपर्यंत ते कार्ड कपाटात.

शेंगाचटणी
सोन्यात तरी हप्त्याचा तगादा नसतो.

कडकभाकरी
म्हणूनच तर मूळ रक्कम तशीच राहते आणि लोक नुसतं व्याज भरत बसतात. असो.

नवीपेठ_वाला
जुनं कार्ड बंद करायचा प्रश्न राहिला. बाकी शून्य झाल्याशिवाय होणार नाही. शून्य झाल्यावर लेखी विनंती केली की बँकेने ७ कामाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. पण सगळ्यात जुनं आणि बिनफीचं असेल तर बंद करू नका, सिबिलमध्ये त्याचं वय मोजलं जातं.

स्टॉलवर ओटीपी वाचून दाखवू नका. फॉर्मवर ‘कार्ड प्रोटेक्शन’ किंवा विम्याची खूण आधीच केलेली असते, ती बघा. दोन-तीन अर्ज एकदम टाकले की प्रत्येकाची चौकशी सिबिलवर नोंदते. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी काढा.

होटगीरोडकर
बँकेला फोन केला. १२ हप्ते, १६ टक्के, प्रोसेसिंग १९९ आणि जीएसटी. स्टॉल राहू दे. पण ईएमआय संपल्यावर रुपेच ना? आमच्या दूधवाल्याचा क्यूआर चालेल का त्यावर?

नवीपेठ_वाला
स्कॅन केल्यावर डेअरीचं नाव येतं की माणसाचं?

होटगीरोडकर
माणसाचं.

नवीपेठ_वाला
मग बहुतेक नाहीच. दूध खात्यातूनच.