मदत हवी आहे: बेडरूमचं गोल नॉबचं लॉक आतून लागलंय, किल्ली नाही

नमस्कार मंडळी. धाकट्याने खेळता खेळता बेडरूमच्या नॉबचं आतलं बटण दाबलं आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. आत कोणी अडकलेलं नाही, पण सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आतच राहिल्यात. आजच्यापुरत्या मेडिकलमधून आणल्या. किल्ली घरमालकांकडेही नाही.

बाथरूमच्या नॉबला बाहेरून नुसती खाच असते, ती नाण्यानेही फिरते. याला मात्र दातेरी किल्लीचं भोक आहे. दार आत उघडतं, त्यामुळे बिजागऱ्या आतल्या बाजूला. जुनं एटीएम कार्ड घालून पाहिलं, तर चौकटीच्या पट्टीला अडून वाकतं, जिभेपर्यंत पोचतच नाही. शेजारच्या खोलीला हेच लॉक आहे. त्यात जिभेला चिकटून एक बारीक पिन दिसते. दार लागलं की ती दाबली जाते आणि मग जीभ मागे ढकलता येत नाही, म्हणजे कार्ड पोचलं तरी उपयोग शून्य. खिडकी उघडी आहे, ग्रिलमधून काठी घालून नॉब फिरवायची कल्पना जाऊबाईंची; पण तिसऱ्या मजल्यावर बाहेर लटकणार कोण?

सुतार म्हणतो, किल्लीच्या भोकात ड्रिल मारून लॉक काढू, नवीन बसवू. किल्लीवाला म्हणतो, तारेने उघडतो, लॉक वाचेल. दाराला नवीन सनमायका आहे, ओरखडा नको. असं लॉक कोणी उघडवून घेतलंय का? आधी कोणाला बोलवू, आणि साधारण किती पैसे देणं रास्त?