'हॅज गॉन' आणि 'हॅज बीन'

प्रश्न : 'सर हॅज गॉन टू त्र्यंबक' आणि 'सर हॅज बीन टू त्र्यंबक' यांत फरक काय? क्लासमध्ये दोन्हींचा अर्थ 'गेले आहेत' असाच सांगितला. सातपूरला ऑफिसात फोन घेते, त्यामुळे नीट कळायला हवं.

उत्तर : ताई, फरक चांगलाच आहे. 'गॉन' म्हणजे सर गेलेत, अजून तिकडेच आहेत किंवा वाटेत आहेत. 'बीन' म्हणजे जाऊन आलेत. 'गॉन' ऐकल्यावर समोरचा म्हणेल, 'बरं, संध्याकाळी करतो फोन.' 'बीन' ऐकलं तर म्हणेल, 'मग द्या ना त्यांना.'

घोटाळा होतो तो आपल्या 'गेलोय'मुळे. 'वणीच्या गडावर कधी गेलायत का?' 'हो, गेलोय की दोन-तीनदा.' इथे माणूस आपल्यासमोर बसलाय, म्हणजे हे 'गेलोय' खरं तर 'जाऊन आलोय' आहे. इंग्रजीत 'आय हॅव बीन देअर'. म्हणून 'गेलोय' दिसलं की लगेच 'गॉन' लावू नका. आधी त्या जागी 'जाऊन आलोय' बसतं का ते बघा. बसलं, तर 'बीन'.

प्रश्न : मग 'आय हॅव बीन टू त्र्यंबक यस्टर्डे' चालेल?

उत्तर : नाही. काल, परवा, 2015 मध्ये, अशी होऊन गेलेली वेळ सांगितली की 'हॅव' गळतं. 'आय वेंट टू त्र्यंबक यस्टर्डे.' मराठीला ही अडचण नाही, 'मी 2015 चा सिंहस्थ पाहिलाय' आणि 'मी 2015 मध्ये सिंहस्थ पाहिलाय' दोन्ही सहज चालतात. इंग्रजीत पहिल्याला 'हॅव सीन', दुसऱ्याला मात्र 'सॉ'. पहिल्यात 2015 हे कोणता सिंहस्थ ते सांगतं, दुसऱ्यात कधी पाहिला ते. क्लासवाले 'हॅव म्हणजे आहे' एवढंच घोकून घेतात आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. हुशार मुलं यात विनाकारण अडकतात.

'पासून'चं उलटं आहे. 'मी 2019 पासून नाशिकला राहते' हा आपला साधा वर्तमानकाळ, पण इंग्रजीत तिथे 'हॅव' लागतंच : 'आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक सिन्स 2019.' 'आय ॲम लिव्हिंग सिन्स' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, मुलाखतीत टाळा.

अमेरिकन माणूस 'डिड यू ईट यट?' म्हणाला तर गोंधळू नका. ब्रिटिश वळणाने तेच 'हॅव यू ईटन यट?' होतं. जेवलात का, एवढंच विचारतोय.