मदत हवी आहे: फ्री ट्रायल संपताच क्रेडिट कार्डावरून वर्षाचे पैसे गेले

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांनी फोटो एडिटिंगच्या एका परदेशी ॲपची फ्री ट्रायल घेतली होती. ट्रायल संपताच कार्डावरून पूर्ण वर्षाचे ४,२०० रुपये कापले गेले. आधी मेसेज नाही, ईमेलही नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, अशी वर्गणी आपोआप कापायची असेल तर कार्ड देणाऱ्या बँकेने किमान २४ तास आधी कळवायला हवं आणि त्यातच नकार देण्याची सोय हवी. १५,००० रुपयांपर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे हा मेसेज हाच ग्राहकाचा एकमेव आधार. तोच आला नाही, याचा मला खरंच राग आलाय.

ॲपवाले म्हणतात, डाउनलोड झालं की परतावा नाही. बँक म्हणते, ॲपवाल्यांशी बोला.

कुणी अशा व्यवहारावर चार्जबॅक (कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवून पैसे परत) मिळवलाय का? अर्जात आगाऊ सूचना न मिळाल्याचा मुद्दा लिहावा, की परताव्याचा? बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणारच आहे, पण तोवर ई-मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) रद्द केलं तर तक्रार कमकुवत होईल का? वडील निवृत्त आहेत, रक्कम त्यांच्यासाठी लहान नाही. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.