ययातिचा राग येतो, तरी पुस्तक सोडवत नाही

प्रश्न: रंकाळ्यावर बसून खांडेकरांची 'ययाति' (१९५९) परत वाचली. पोराचं तारुण्य मागणारा बाप, लई राग येतो राव, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. असं का?

उत्तर: भावा, तो स्वतःच्या तोंडानं सगळं सांगतोय ना. त्याची राणी देवयानी, प्रेयसी शर्मिष्ठापण आपापलं सांगतात, त्यामुळं देवयानीचा अहंकारसुद्धा आतनं दिसतो आणि मग नुसत्या शिव्या घालून भागत नाही.

उत्तर: माझं उलटं. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधला कर्ण डोक्यावर घेतलेला, आजीची पिवळी पडलेली प्रत, शिवण उसवलेली, पण भर सभेत द्रौपदीचा अपमान होतो तिथं आलो आणि पुस्तक मिटलं, दोन दिवस हात लावला नाही. दानशूर आहेच, पण ते माफ नाही होत.

प्रश्नकर्ता: खरंय. मला 'ययाति'तला कच आवडतो, पण झोपताना आठवतो ययातिच.