मदत हवी आहे: उपवासाच्या भाजणीच्या पाकिटात थालीपिठाची भाजणी गेली

भाजणीघर (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत राहते. घराच्या मागच्या दोन खोल्यांत सहा वर्षांपासून भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकते. अन्न सुरक्षा खात्याचं लायसन्स आहे, त्याचा १४ आकडी नंबर पाकिटावर आहे. चार बायका कामाला येतात, दोघी भाजायला आणि दोघी पॅकिंगला. दळण घरच्याच चक्कीवर.

आषाढी एकादशीच्या तीन दिवस आधी सुदामानगरच्या एका ताईंचा फोन आला. "तुमच्या उपवासाच्या भाजणीला धन्याचा वास कसा येतोय?" त्यांच्या मुलाला सीलिअ‍ॅकचा आजार आहे, गहू अजिबात चालत नाही. म्हणून उपवास नसतानाही त्या माझी राजगिरा, साबुदाणा आणि मोरधनाची भाजणी नेतात. (मोरधन म्हणजे आपली वरी. सियागंजात याच नावाने मिळते.) पाकिटात निघाली गहू-ज्वारी-उडदाची थालीपीठ भाजणी, वर स्टिकर मात्र उपवासाचं. पीठ मळण्याआधी त्यांना वास आला म्हणून मुलगा वाचला. माझे हातपाय गार पडले.

त्याच रात्री लोकमान्यनगर आणि टिळकनगरच्या तिन्ही दुकानांतून माल उचलला. भोपाळ-पुण्याला कुरिअरने गेलं होतं त्या प्रत्येक घरी फोन केले. उपवासाचं स्टिकर लावलेली अर्ध्या किलोची १४० पाकिटं बाहेर गेली होती, त्यातल्या १२९चा हिशेब लागला. एकेक फोडून पाहिलं किंवा गिऱ्हाइकाकडून पाहून घेतलं, १९ चुकीची निघाली. उरलेली ११ रोखीने विकली गेली, कोणी नेली ते दुकानदारालाही आठवत नाही. काउंटरवर कागद चिकटवून घेतला आहे.

झालं कसं, ते खात्रीने सांगता येत नाही. त्या दिवशी सकाळी उपवासाची भरली, दुपारी थालीपिठाची, टेबल एकच. बॅच नंबर म्हणजे फक्त तारीख, तो स्टिकरवर शिक्क्याने मारतो. त्यामुळे चांगली कोणती आणि चुकीची कोणती हे बाहेरून ओळखता येईना, सगळा माल परत मागवावा लागला. दोन्ही स्टिकरांना हिरवी किनार आहे. डिझाइन करणारा म्हणाला होता, सगळी पाकिटं एका घरातली दिसली पाहिजेत. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत "भाजणी" आणि खाली बारीक "उपवास" किंवा "थालीपीठ". माझ्या पॅकिंगच्या मावशी माळव्यातल्या, भाजणी हा शब्दच त्यांच्या बोलण्यातला नाही.

मोठं मशीन मला परवडणार नाही. चार माणसांच्या कामात हे पुन्हा होऊ नये म्हणून नेमकं काय करू? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत सगळं बदलायचं आहे.

बडोदेकर

ताई, लपवलं नाहीत आणि रातोरात माल उचललात, हे फार बरं केलंत. आमचं खाकऱ्याचं छोटं युनिट आहे. मी सुरुवात केली ती प्रत्येक प्रकाराला वेगळ्या रंगाचं पाकीट घेऊन. स्टिकर वेगळं असून भागत नाही, पाकीटच वेगळं हवं. आणि शिक्क्याची शाई प्लास्टिकवर बोट फिरवलं की पुसते. बॅच नंबर वाचता आला नाही तर माल परत कसा मागवणार? हाताने चालवायचं छोटं प्रिंटर घ्या.

पीथमपूरकर

ताई, मी पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात १४ वर्षं पॅकिंग पाहिलं आहे. तिथे ही चूक म्हणजे सर्वांत मोठी चूक, म्हणून तिथल्या सवयी सांगतो. पण आधी एक विचारू? त्या दिवशी उपवासाची भाजणी दळून किती निघाली होती?

भाजणीघर (इंदूर)

दादा, वहीत ५९ किलो लिहिलं आहे.

पीथमपूरकर

५९ किलोची अर्ध्या किलोची पाकिटं झाली ११८, तीही काही सांडलं नाही तर. बाहेर गेली १४०. म्हणजे निदान २२ पाकिटांत दुसरं काहीतरी होतं. तुम्हाला सापडली १९. जी ११ मिळालेली नाहीत, त्यांत निदान ३ चुकीची आहेत. घाबरवायला लिहीत नाही. पण काउंटरवरच्या कागदाने भागणार नाही, ती ११ शोधाच.

आणि हाच हिशेब त्या संध्याकाळी केला असता तर माल दारातच थांबला असता. पीठ किती, पाकिटं किती, स्टिकरं काढली किती, लावली किती, फाटली किती, उरली किती. दोन ओळींचा हिशेब, तो जुळेपर्यंत खोकं दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. तुमच्याएवढ्या कामाला यापेक्षा मोठा उपाय नाही. तरी बाकीचेही सांगतो.

एक प्रकार संपला की टेबल रिकामं करायचं. पीठ, पाकिटं, स्टिकरं, टेबलाखालचा कचरासुद्धा. उरलेली स्टिकरं मोजून डब्यात, डब्याला कुलूप. दुसऱ्या बाईने येऊन पाहायचं आणि वहीत सही करायची, मगच पुढचा प्रकार टेबलावर. आम्ही याला लाइन क्लिअरन्स म्हणतो. जिने आवरलं तिनेच तपासायचं नाही, कारण आपलं राहिलेलं आपल्याला दिसत नाही.

बॅच नंबर स्टिकरवर मारू नका, पाकिटावर मारा, आणि तोही भरतानाच. तारखेच्या पुढे उपवासाला "उ", थालीपिठाला "था". मग स्टिकर चुकलं तरी खालचा नंबर खरं सांगेल. असं असतं तर १४० पाकिटं फोडायची गरज नव्हती, नुसती उलटी करून पाहिली असती.

आणखी एक, स्टिकरांचे न उघडलेले गठ्ठे घरात असतील तर आज रात्री एकेक पान उलटून पाहा. छापखान्यात खर्च वाचवायला दोन डिझाइनं एकाच मोठ्या कागदावर छापतात आणि मग कापतात. कापताना एकाची काही दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जातात.

सर्वांत महत्त्वाचं शेवटी राहिलं. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २८ प्रमाणे माल परत घेतानाच अन्न सुरक्षा खात्यालाही कळवावं लागतं. परत मागवण्याची पद्धत २०१७च्या नियमांत दिली आहे. चुकीच्या लेबलाला कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे माहीत असू द्या. पण दंडाच्या भीतीने गप्प बसू नका. अजून पाकिटं बाहेर आहेत.

गव्हाविना

माझ्या मुलीलाही सीलिअ‍ॅक आहे. आमच्यासारखी घरं आतली वस्तू कशाची आहे हे फक्त पाकिटावरून ठरवतात, तुम्ही चूक मान्य करून विचारताय म्हणून हक्काने लिहिते. ताई, चक्की एकच आहे ना? आधी गव्हाची भाजणी दळली आणि मागून राजगिरा, तर स्टिकर बरोबर असूनही आत गहू असतो. आपल्याकडे ग्लूटेन-फ्री लिहायला ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन, सीलिअ‍ॅकमध्ये तेच चालत नाही) किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. झाडू मारून तेवढी चक्की साफ होत नाही. तुम्ही ग्लूटेन-फ्री लिहीत नाही हे बरोबर आहे, पण नुसतं "उपवास" वाचून आमच्यासारखे घेतात. त्याच चक्कीवर गहू दळला जातो, हे पाकिटावर स्पष्ट लिहा. आमच्यासारख्यांना एक पाकीट कमी विकलं जाईल, चालेल.

भाजणीघर (इंदूर)

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. पाच दिवस लिहायला वेळ मिळाला नाही.

पीथमपूरकर दादा, तुमचा हिशेब वाचून त्या रात्री झोप लागली नाही. न उघडलेले चार गठ्ठे उलटले. थालीपिठाच्या एका गठ्ठ्यात मधोमध उपवासाची ७ स्टिकरं निघाली. म्हणजे छापखान्यातूनही आलं आणि माझ्या टेबलावर सकाळची उरलेलीही राहिली असणार. मावशी रडत होत्या. त्यांना सांगितलं, दोन सारखी स्टिकरं मी तुमच्या हातात दिली, चूक माझी आहे. जुनी सगळी स्टिकरं फाडून टाकली. नव्यावर "उपवास" मोठ्या अक्षरांत, भाजणी खाली बारीक, पाकीट केशरी. छापखान्याला सांगितलं आहे, एका कागदावर एकच डिझाइन, पैसे जास्त घ्या.

खात्यात लेखी कळवलं. गव्हाविना ताई, चक्कीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. वेगळी छोटी चक्की घेईपर्यंत उपवासाची भाजणी बंद ठेवली आहे. सुदामानगरच्या ताईंना हे स्वतः जाऊन सांगितलं.

११ पाकिटांसाठी दुकानदारांबरोबर गल्लोगल्ली फिरले, सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकले. ९ मिळाली, त्यांत २ चुकीची. दोन अजून बाहेर आहेत आणि हिशेबाप्रमाणे त्यांतलं निदान एक गव्हाचं आहे.

इंदूरच्या वाचकांना विनंती. टिळकनगरातून आषाढीच्या आठवड्यात हिरव्या किनारीची उपवासाची भाजणी घेतली असेल, तर उघडून वास घ्या. धन्याचा वास आला किंवा पीठ तपकिरी दिसलं तर कोणालाही खाऊ घालू नका. डब्यात ओतून पाकीट टाकून दिलं असेल तरी मला इथे निरोप टाका, मी घरी येऊन घेऊन जाईन.